आकडा बसू दे

आई, तू ज्याचे आकडे वाचायचीस तसलाच मीटर आज माझ्या टेबलावर आहे. कारखाना पिरंगुटचाच, फक्त तुझा तो नव्हे. तुझं काम मला अजून दिसतं. पॉवर सप्लायचा डबा पुढ्यात घ्यायचा, त्याच्यावर विजेचा लोड लावायचा, जरा थांबून मीटरवरचा आकडा शेजारच्या बाईला सांगायचा. मीटरच्या पाठीमागे नऊ पिनांची एक जागा होती, वर प्लास्टिकचं टोपण. शनिवारी टेबल पुसताना तू ते टोपणही पुसायचीस. एकदा साहेबांना विचारलंस, "ह्ये कशाला हाय?" ते म्हणाले, "त्याचं आपल्याला काही काम नाही." तो सिरियल पोर्ट, आई. त्याला केबल लावून कॉम्प्युटरला जोडलं की मीटर स्वतःच आकडा सांगतो. ते टोपण तुझ्या वेळी कुणी काढून बघितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

कारण तुझे डोळे अधू झाले आणि तू एक आकडा चुकीचा सांगितलास. माल परत आला आणि तुला घरी बसवलं. त्या संध्याकाळी तू नेहमीसारखा भात टाकलास. मी मधेच झाकण उचललं तर म्हणालीस, "घाई कशाला? वाफ जिरू दे की." टेबलाशी आकड्याबद्दलही तू असंच म्हणायचीस, त्याच आवाजात, "बसू दे त्याला." नोकरी गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्याकडे जवळच्या रिहे गावाहून एक मावशी येतात, तुझंच काम करतात. दिवाळीपासून बघतेय, मीटर रोज थोडा जवळ ओढतात. मालकांनीही ते पाहिलं आणि नवी बाई बघू म्हणाले. मी म्हटलं, आधी मला एक केबल आणून द्या. केबल आली, पण मीटर ढिम्म. केबलमधली बोलायची तार मीटरच्या बोलायच्याच तारेला जोडली गेली होती, तिकडे ऐकणारं कुणी नव्हतं. ते निस्तरून प्रोग्राम लिहिला, तर कॉम्प्युटर चांगले डबे नापास करू लागला. मालक म्हणाले, "मॅडम, याच्यापेक्षा मावशी बऱ्या होत्या." मावशींना त्यात 'होत्या' तेवढंच ऐकू आलं. जेवणाच्या सुट्टीत मला विचारलं, "मला आता घरी बसवत्यात व्हय?" मी माझा डबा उघडला, भात होता, आणि मला तू आठवलीस. लोड लागल्या लागल्या माझा प्रोग्राम मीटरला आकडा विचारत होता. आकडा बसायला वेळच देत नव्हता. मी त्यात थोडं थांबणं घातलं. चांगले डबे पास व्हायला लागले.

मग मालकांनी विचारायचा तो प्रश्न विचारलाच. मीटर स्वतः वाचतोय तर बाई कशाला? मी जरा चिडूनच म्हटलं, "डबा लावणार कोण? जळल्याचा वास आला तर बंद कोण करणार, तुम्ही?" ते हसले आणि राहू द्या म्हणाले. मावशी राहिल्या. त्यांनी मला कालवणाचा डबा आणला, फार तिखट होता, मी सगळा संपवला.

आज पडद्यावरचा आकडा बघून त्या म्हणाल्या, "लई मोठी अक्षरं केलीत हो. माज्यासाठी?" मी म्हटलं, प्रोग्राममध्ये तशीच येतात. तसं काही येत नसतं. ती मी केली, आणि मावशींच्या डोळ्यांसाठी एवढी मोठी लागतही नाहीत. करताना मी तुझं स्टूल मीटरपासून किती लांब असायचं ते आठवत होते.