जरा सावकाश सांगाल का?

४ नोव्हेंबर, सोमवार

तीन मिनिटं! होंगसाँगहून छनानच्या मोठ्या रुग्णालयात जायला दीड तास, बाहेर बाकावर दोन तास, आणि आत तीन मिनिटं. आईच्या यकृतात गाठ आहे हे गावातल्या दवाखान्यातच कळलं होतं. काढता येईल की नाही, एवढंच विचारायला गेलो होतो. मोठे डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे बघत बोलत होते. भरभर, अर्धे शब्द वैद्यकीय, अर्धे इंग्रजी. मी म्हणतेय, "हो, हो." आई म्हणतेय, "हो, हो." दोघी वाकून नमस्कार करून बाहेर. हातात कागद — वीस तारखेला पुन्हा या.

काढणार की नाही? मला माहीत नाही. शप्पथ, माहीत नाही!

सुरुवातीलाच आई म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, घरी गॅसवर काही ठेवून आलात का?" आमच्या चुंगचाँग भागात 'सावकाश बोला' हे असंच म्हणतात. सरळ तोंडावर सांगणं उद्धटपणाचं. पण डॉक्टर सोलचे. "आजी गमतीदार आहेत," म्हणाले, आणि पुन्हा सुसाट. आई काय मागतेय ते खोलीत फक्त मला कळलं होतं. मीही हसले. का हसले?

५ नोव्हेंबर

उल्सानहून दादाचा फोन. "अगं, परदेशी बायकांना कोरियन शिकवतेस ना तू? आणि कोरियन डॉक्टर कोरियनमध्ये काय म्हणाला ते कळलं नाही?" झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त.

रुग्णालयात फोन केला. "डॉक्टरांनी समजावलंय ना मॅडम? फोनवर सांगता येत नाही. वीस तारखेला या." हेही एका श्वासात. मी म्हणाले, "हो, हो." पुन्हा!!

७ नोव्हेंबर

लग्न करून इकडे आलेल्या बायकांचा वर्ग. आजचं वाक्य — दैवाचा खेळ बघा — "जरा सावकाश सांगाल का?" बाराजणींनी म्हटलं. न्युंग म्हणेना. व्हिएतनामची, सहा वर्षं झाली इथे, नवऱ्याची स्ट्रॉबेरीची शेती. काहीही विचारा, नुसती मान डोलावते. माझा तोल गेला. "कळत नसताना मान का हलवतेस? समोरच्याला वाटतं कळलं!"

मग ती हळूच म्हणाली, "बाई, सासूबाईंना म्हटलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, याहून सावकाश बोलले तर मला मध्येच झोप लागेल."

सगळ्या खो खो हसल्या. मीही. नंतर स्वच्छतागृहात जाऊन आरशात बघितलं. रागावले कुणावर मी? तिच्यावर नाहीच.

११ नोव्हेंबर

वाक्य सात प्रकारे लिहून पाहिलं. सगळ्यात नम्र इतकं लांब झालं की ते संपेपर्यंत डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेलेले असतील.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वर्षाचं किमचीचं लोणचं घातलं. साठ कोबी! मी म्हणत होते या वर्षी तीस पुरे. आई ऐकते थोडीच. रबरी हातमोजे घालून स्टुलावर बसून हुकूम. "मीठ चोळ, अंगारा लावू नकोस!" मदतीला आलेल्या वहिनीला म्हणे, "उल्सानला पानं अशीच फाडतात का गं?"

वहिनी डुकराचं मांस उकडायला आत गेली तेव्हा विचारलं, "आई, डॉक्टर त्या दिवशी काय म्हणाले? तुला काय वाटलं?"

"म्हणाले असतील काहीतरी. तो कोबी उलटा कर."

बस. एवढंच! बारा दिवसांत तिने मला एकदाही विचारलेलं नाही. इतका विश्वास? मुलगी शिकलेली आहे, तिला कळलंय, ती बघून घेईल? मला कळलेलं नाही हे तिला सांगायची माझी हिंमत नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी. लाज वाटली पाहिजे. वाटते, पण तिचा उपयोग काय?

१९ नोव्हेंबर

वर्ग सुटल्यावर न्युंग थांबली. "बाई, तुमच्या आई आजारी आहेत असं ऐकलं. काय झालंय?" मला काय झालं कोण जाणे, तिला सगळं खरं सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही.

"पहिल्यांदा जड जातं, बाई. दुसऱ्यांदा जीभ आपोआप वळते. मी बँकेत म्हणते, मुलाच्या शाळेत म्हणते. दिवसातून वीसदा."

"मग वर्गात का म्हणाली नाहीस?"

"तुमच्यासमोर लाज वाटते."

माझ्यासमोर! म्हणजे मी शिकवते तरी काय इतकी वर्षं?

२० नोव्हेंबर

म्हटलं. सातांपैकी एकही आठवलं नाही. साधं, वर्गातलंच निघालं, आवाज बकरीसारखा. "जरा सावकाश सांगाल का?"

डॉक्टरांचा माउसवरचा हात थांबला. खुर्ची वळवली. पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. तरुण आहेत, फार दमलेले आहेत. "माफ करा," म्हणाले. मग एकेक वाक्य, आईकडे बघून. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे. ऑपरेशन करता येणार नाही. औषधाने काही महिने मिळतील, पण त्रास होईल. घ्यायचं की नाही, ते आजींनी ठरवायचं.

शब्द न् शब्द कळला. माझ्या तोंडून 'हो' निघेना. आई म्हणाली, "हो. विचार करून सांगते."



२१ नोव्हेंबर

सकाळी वाळवायला पर्सिमॉनची फळं सोलून दोऱ्याला बांधता बांधता आई म्हणाली, "सेर्योंग, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कापता येणार नाही, एवढं कळायला कॉलेज कशाला लागतं? तू इतकं हो-हो करत होतीस की मला वाटलं, हिलाही कळलंय आणि माझ्यापासून लपवतेय. म्हणून काही विचारलं नाही तुला. म्हटलं, लपवू दे पोरीला."