एका दाराची एक किल्ली

सोमवार, ५ जानेवारी, सायंकाळ

मी, धोंडीबा लक्ष्मण ओव्हाळ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पिंपरीतील एका कारखान्याच्या मुख्य गेटचा सेवानिवृत्त हवालदार, हल्ली मुक्काम थेरगाव, दुसरा मजला, कुटुंबप्रमुख या नात्याने लिहितो की: शनिवारी आमची नात दीक्षा, इयत्ता नववी, शाळेच्या अदलाबदल योजनेतून तीन आठवड्यांसाठी जर्मनीस गेली. आज तिच्या बदल्यात कुमारी योहाना, वय सोळा, आमच्या घरी दाखल झाली. आमची त्यांच्या घरी, त्यांची आमच्या घरी.

मला दीक्षाची मुळीच काळजी नाही. त्यांची मुलगी आमच्या ताब्यात आहे.

पाहुणीने बेल वाजविली. नियमानुसार मी आतून विचारले, "कोण आहे? काम काय?" बाहेरून उत्तर आले, "योहाना. काम जेवण." शाळेतून आल्यावर दीक्षा रोज हेच उत्तर देत असे. म्हणजे तिने पाहुणीस प्रशिक्षण देऊन ठेवले होते. आत आल्यावर पाहुणीने हात जोडून "जयभीम आजोबा" म्हटले. उच्चार आमच्या चिरंजीवांपेक्षा स्पष्ट.

दाराची सुरक्षा चोख. दार ओढले की आपोआप बंद होते व बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली एक, ती माझ्या गळ्यात, कंपनीच्या निळ्या पट्ट्याला. कुलपासोबत आलेल्या अन्य दोन किल्ल्या ट्रंकेत बंद. घरातील कोणीही आजवर किल्ली मागितलेली नाही. व्यवस्था उत्तम असल्याचा याहून मोठा पुरावा नसावा.

मंगळवार, ६ जानेवारी

धोरण निश्चित केले. तेथे दीक्षाला जे मिळेल, तेच येथे योहानास. कमी नाही, जास्त नाही.

दीक्षाचा फोन आला. रात्रीच्या जेवणास गार पाव व चीज मिळाले म्हणे. मी तत्काळ सौ. सरूबाईंना सूचना दिली की, पाहुणीस आज गार पाव द्यावा. त्या म्हणाल्या, "पोरीला गार पाव घालू? तुम्हीच खा." पाहुणीने दोन भाकऱ्या व भरले वांगे खाल्ले. धोरणानुसार समतोल राखण्यासाठी गार पाव मी खाल्ला.

बुधवार, ७ जानेवारी

तेथे दीक्षा शाळेस सायकलने जाते. मी चिरंजीव बुद्धभूषणची जुनी सायकल काढून हवा भरून घेतली. सूनबाई आम्रपाली हिंजवडीच्या कंपनी कॅबची वाट पाहत खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, डांगे चौकात ही सायकल? त्या पोरीच्या आईला मी काय सांगू?" पाहुणीस रिक्षात बसविले. सायकल जिन्यात. हवा पुन्हा गेली.

गुरुवार, ८ जानेवारी

गंभीर.

दीक्षाने फोनवर आनंदाने सांगितले, "आजोबा, यांनी मला पहिल्याच दिवशी घराची किल्ली दिली!"

मी तिला विचारले, त्यांच्या घराचे प्रमुख कोण? सहीविना, पडताळणीविना, परदेशातून आलेल्या व्यक्तीस किल्ली? आमच्या गेटवर असे घडले असते, तर मी निलंबित झालो असतो. दीक्षा हसली व म्हणाली, "आता तुमची पाळी."

धोरण माझेच. शब्द माझाच. परंतु धोरण आखतेवेळी ही शक्यता विचारात घेतलेली नव्हती.

जेवण गेले नाही. कारण वांगे.

रविवार, ११ जानेवारी

शाळेच्या तनुजा मॅडम पाहणीस आल्या. पाहुणी कोठे झोपते, काय खाते, हे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आणि घराची किल्ली आहे ना तिच्याकडे?" आम्रपाली म्हणाल्या, "हो तर." मी चमकलो. सूनबाई घराच्या अब्रूसाठी खोटे बोलल्या, हे माझ्या तत्काळ ध्यानात आले. सुनेस माझ्यामुळे खोटे बोलावे लागावे, हे मला शोभत नाही.

ठराव: किल्ली देणार. उद्याच.

सोमवार, १२ जानेवारी

आज दिली नाही. पट्टा मळलेला होता. धुण्यास टाकला.

मंगळवार, १३ जानेवारी

पट्टा ओला.

बुधवार, १४ जानेवारी

सणाचा दिवस. कामकाज ठेवले नाही. तिळगूळ खाल्ला.

तिसऱ्या मजल्यावरील रंगराव, जो माझ्याच शिफ्टला होता व पाण्याच्या पंपावर काम करी, त्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "आरं, देऊन टाक की. किल्ली हाय, किडनी न्हाई." रंगराव पंपावरचा माणूस. त्यास गेटची जबाबदारी काय ठाऊक?

एक बाब केवळ नोंदीसाठी. किल्ली दिल्यावर योहाना स्वतः दार उघडील. मग तीन आठवडे संपल्यावर दीक्षा परत येईल. तिलाही सवय लागलेली असेल. मग बेल कोण वाजविणार, व संध्याकाळी मी दाराजवळच्या खुर्चीत नेमका कशासाठी बसणार, याचा विचार प्रशासकीय दृष्टीने व्हावयास हवा.

शनिवार, १७ जानेवारी, सकाळ

आज दुपारी चार वाजता किल्ली प्रदान समारंभ. योहाना शाळेच्या सहलीहून त्या सुमारास परतेल. सौ. राजगुरुनगरला बहिणीकडे, चिरंजीव चाकणला शिफ्टला, सूनबाई खरेदीस गेल्या आहेत. सर्वांना सहापर्यंत परतण्याची सूचना दिली होती. समारंभ चारचा असल्याचे सांगावयाचे राहिले. त्यांना फोटो दाखविता येतील.

भाषण तयार आहे. पट्टा सुकलेला आहे.

त्याच दिवशी, सायंकाळ

घडलेली घटना क्रमवार लिहितो.

किल्ली गळ्यातून काढून स्टीलच्या ताटलीत ठेवली. ताटली टेबलावर. मी खुर्चीपाशी उभा राहून भाषणाचा सराव करीत असता, जिन्यात मुलांनी क्रिकेटचा गलका केला. त्यांना समज देण्यासाठी बाहेर गेलो. पाठीमागे वारा आला.

दार बंद झाले. कुलूप उत्तम प्रतीचे आहे, हे येथे सिद्ध झाले.

अंगावर बंडी व लेंगा. पायांत काही नाही. किल्ली ताटलीत.

समोरच्या छबूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "काका, दार लागलं का? थांबा, मी उघडते."

मी त्यांना सांगितले की, ही गेटची कुलपे असतात, हेअरपिनने उघडत नाहीत.

त्या म्हणाल्या, "अहो, पण माझ्याकडे..."

मी म्हणालो, "आपल्याकडे काय आहे हे मी विचारलेले नाही."

"बरं," म्हणाल्या व उंबऱ्यात उभ्या राहिल्या. रंगराव वरून स्टूल घेऊन उतरला. "बस धोंडीबा, सुरक्षा बसून बी होती," असे म्हणाला. मी बसलो नाही. थोड्या वेळाने बसलो.

माझी योजना अशी होती की, पाहुणी आल्यावर आपण जिन्यातच हवा घेत आहोत असे भासवावे.

योहाना आली. माझ्याकडे पाहिले, बंद दाराकडे पाहिले, मग दप्तरातून दीक्षाची लाल गोंड्याची किल्ली काढली व दार उघडले.

"या आजोबा, बसा," ती म्हणाली.

छबूबाई म्हणाल्या, "तेच तर सांगत होते, काका. माझ्याकडेपण आहे."

चौकशी मी तेथेच सुरू केली. छबूबाईंकडे एक. सौ. सरूबाईंची तांदळाच्या डब्यात. बुद्धभूषणची गाडीच्या किल्ल्यांत, आम्रपालीची पर्समध्ये. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी, मी दवाखान्यात असता, माझ्याच पट्ट्यावरून सर्व डुप्लिकेट झाल्या. रंगरावास हे ठाऊक होते. पंपावरच्या माणसास.

योहानाने फोन लावून माझ्या हातात दिला. पडद्यावर दीक्षा. मी विचारले, तुझ्याकडे किल्ली कधीपासून?

"पाचवीपासून, आजोबा. आता ती योहानाला देऊन ठेवलीय."

मग बेल का वाजवीत होतीस?

ती म्हणाली, "तुम्ही दाराशी बसलेले असता ना. तुम्ही 'काम काय' विचारता, ते मला आवडतं. म्हणून सगळेच वाजवतात." मग म्हणाली, "इथे मी रोज किल्लीनेच येते. आत कोणीच नसतं, आजोबा. संध्याकाळपर्यंत नसतं."

मी तिला सांगितले की, स्वेटर घाल.

आत येऊन खुर्चीत बसलो. समारंभाचे प्रयोजन उरलेले नव्हते. भाषण घडी घालून खिशात ठेवले. तेवढ्यात योहाना उठली, बाहेर गेली व तिने दार ओढून घेतले. किल्ली तिच्या हातात होती, हे मी स्वतः पाहिले.

बेल वाजली.

मी पट्टा गळ्यात घातला. उठलो. विचारले, "कोण आहे? काम काय?"

"योहाना. काम जेवण."

पडताळणी करून दार उघडले.

वरील प्रसंगी जिन्यात हजर: छबूबाई, समोरील सदनिका, किल्लीसह. रंगराव, तिसरा मजला, स्टुलासह. कुमारी योहाना, किल्लीसह. कुमारी दीक्षा, फोनवर, मुक्काम जर्मनी, तेथील किल्लीसह. आणि मी, दारावर.