बंबाची तोटी

४ मार्च १९५६, रविवार
आजपासून रोजनिशी. ट्रंकेत ठेवायची, किल्ली करगोट्याला. भिंतीला कान असतात, आणि आमच्या चिंचवडात भिंती पातळ आहेत.

कारण गंभीर. काल स्टोअरमध्ये साहेब (कंपनीत यंत्रं बसवायला विलायतेहून आलेला) सुस्कारा टाकून म्हणाला की या मुलखात सगळं मिळतं, फक्त पिंपाच्या नळातून बिअर मिळत नाही. परमिटवर त्याला कॅम्पात बाटल्या मिळतात, पण बाटलीत मजा नाही. त्यांच्याकडे म्हणे माणसं घरातच काउंटर बांधतात, मागे पिंप ठेवतात आणि नळ सोडतात. सोपानराव ऐकत होता. नुसता हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

हेड स्टोअरकीपरची जागा एक. उमेदवार दोन, मी आणि सोपानराव. शिफारस साहेबाची. निश्चय केला: घरी बार बांधायचा. दारूबंदी आहे. सापडलो तर नोकरी जाईल आणि वर तुरुंग. म्हणून कुणाला काही कळता कामा नये. मी स्वतः आयुष्यात थेंब चाखलेला नाही, पण हलवाई कुठे रोज पेढे खातो?

७ मार्च
मंडईतून जव आणले. दुकानदाराला म्हटलं, गाईला. त्याने विचारलं, किती दूध देते? म्हटलं, चार शेर. तो फार वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा त्या दुकानात जायचं नाही. जव भिजवून गोणपाटावर पसरले आहेत, मोड यायला.

संध्याकाळी आबाजी सुतार आला. काउंटर म्हणजे उभ्याने लिहायचं टेबल, असं त्याला सांगितलं. खाली पितळी दांडी कशाला, म्हणाला. म्हटलं, पाय ठेवायला, पाय दुखतात. मग बसून का लिवत न्हाई, असं त्याने विचारलं. सुतार इतके प्रश्न विचारतो का? संशय येऊ नये म्हणून त्याच्यासमोर तासभर उभ्याने लिहिलं. पोटऱ्या भरून आल्यात.

९ मार्च
पिंप आणलं. मोशीच्या गुऱ्हाळातलं, काकवीचं जुनं, लाकडी. बैलगाडीत वर कडबा टाकला होता. घरमालक कोंडाजी नेमका अंगणात. म्हणाला, रंगराव, पिंपात काय करनार? कडब्याखालचं पिंप याला दिसलं कसं? मी सहज म्हटलं, पोटाचा काढा. व्हय का, म्हणाला, आणि दाढी खाजवत उभाच राहिला. हा माणूस खबरी आहे. दारूबंदीवाले खबरी म्हणून अशीच गरीब गाय हाताशी धरतात.

सौ.लाही काढाच सांगितलं. बायकोला खरं सांगायचं म्हणजे दवंडी. तिने लगेच विश्वास ठेवला. जरा जास्तच लगेच.

११ मार्च
तोटी विकत घ्यावी तर दुकानदार पुन्हा प्रश्न विचारणार. म्हणून न्हाणीतल्या बंबाची काढली. बंबाच्या भोकात खुंटी मारली. आता अंघोळ गार. सौ. म्हणाली, काढा तुम्ही पिणार की पिंपाला अंघोळ घालणार? टोमणा की इशारा? लक्ष ठेवायला हवं.

१३ मार्च
कृती साहेबाच्या गप्पांतून थोडी थोडी काढली आहे. मोडाचे जव वाळवून, भरडून उकळले. कडूपणासाठी तिकडे कसलासा पाला घालतात, तो इकडे मिळत नाही. कडू म्हणजे कडू. काढ्यात घालतात ते काडेचिराईत टाकलं, सढळ हाताने. गार झाल्यावर पाववाल्याकडचं खमीर. पिंपात भरून बूच मारलं. आता नुसतं आंबायचं बाकी.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, म्हणून साहेबाला स्पष्ट आमंत्रण दिलं: रविवारी २५ तारखेला, घरी, नळातून. कानात सांगितलं. पलीकडे सोपानराव शिंकला.

१६ मार्च
कामावरून आल्याबरोबर पिंपाला हात लावला. कोमट! आंबताना ऊब येते असं साहेब म्हणालाच होता. मला या कामाची उपजत देणगी असावी.

पण काठी घालून पाहिलं तर माल चार बोटं खाली गेलेला. कुणीतरी पितंय.

१७ मार्च
आणखी खाली. कोंडाजी दुपारभर आमच्याच ओट्यावर असतो, आणि आज माझ्यादेखत ढेकर दिली. बुचाला काळा दोरा बांधून ठेवला. सापळा.

१९ मार्च
दोरा जागेवर आहे, पण गाठ माझी नाही. माझ्यापेक्षा चांगली आहे. म्हणजे सराईत टोळी. सौ.ला विचारावं असं मनात आलं, पण विचारणं म्हणजे सावध करणं. विचारलं नाही. मी दोऱ्याकडे टक लावून बसलेला बघून ती म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. तिलाही कोंडाजीचाच संशय दिसतो.

२१ मार्च
कोंडाजीची मंजुळाबाई दारात थांबून नाक वर करून म्हणाली, वास लई वळखीचा हाय. चिंचवडच्या बाईला बिअरचा वास ओळखीचा! या गावात चाललंय तरी काय?

शिवाय पिंपळाखाली काळा चष्मा घातलेला एक माणूस उभा असतो. एसटीची वाट बघतोय असं दाखवतो. आज एसटी आली, गेली, हा तिथेच.

२५ मार्च, रविवार, दुपारी
सगळं तयार. बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. पंप मारला की तोटीतून धार. चाखून पाहिलेली नाही. पहिला मान पाहुण्याचा. खिडक्यांना लुगडी लावली. काळा चष्मा पिंपळाखाली आहेच. पकडलं तर सगळं सोपानरावाचं म्हणून सांगायचं ठरवलं आहे.

साहेब पाचला येतोय. आज या घरात एक स्टोअरकीपर बसला आहे, उद्या हेड.

२६ मार्च
लिहावंसं वाटत नाही.

साहेब आला. मागून, न बोलावता, सोपानराव. मी पंप मारला, तोटी फिरवली. काळी धार. फेस नाही. साहेबाने भला माणूस म्हणून ग्लास एका दमात संपवला आणि बराच वेळ खांबाला धरून उभा राहिला. तेवढ्यात कोंडाजी दारातून म्हणाला, काडेचिराईत हाय न्हवं? मंजुळा कवाधरनं म्हनतीय, तांब्याभर मागून आना, पर तुमी लई तापट दिसता. सोपानरावाने इंग्रजीत सांगितलं की ही पोटाची आमची घरगुती दवा. साहेबाने माझा हात हातात घेतला. इथे आल्यापासून त्याचं पोट बिघडलेलंच आहे म्हणे, आणि ते मी न सांगता ओळखलं. डोळ्यांत पाणी होतं. कडूपणाचं असावं.

घातपात झाला आहे. खमिराचा अंश नाही, नशेचा वास नाही. कुणीतरी माझी बिअर मारली.

२ एप्रिल
साहेबाचं पोट साफ बरं झालं. शिफारस बाहेर पडली. हेड स्टोअरकीपर सोपानराव. मला त्याच पगारावर कंपनीच्या दवाखान्यात हलवलं, कंपाउंडरच्या हाताखाली. साहेब म्हणाला, योग्य माणूस योग्य जागी.

काळा चष्मावाला आज थेट घरात आला. मी दोन्ही हात पुढे केले, बेड्यांसाठी. त्याचे डोळे आले होते. आईसाठी अर्धा शेर काढा हवा होता, इतके दिवस विचारायचा धीर होत नव्हता. त्याच्या मागे अंगणात आणखी माणसं तांबे घेऊन उभी.

फार वाईट वाटलं. शेवटी सौ.ला विचारलंच की मी कामावर असताना पिंपाला हात कोण लावत होतं. ती चकितच झाली. म्हणाली, मी. बनवून ठेवता आणि विसरता, उन्हाळ्याचे दिवस, नासला असता. रोज दुपारी दोरा सोडून, सगळा पातेल्यात काढून, खळखळून उकळून परत भरत होते. एक दिवससुद्धा आंबू दिला नाही, असं म्हणाली, आणि बंबाची तोटी कधी परत बसवताय ते विचारलं.