करारावरचं तुझं नाव

प्रिय बडबडे,

तुझे बाबा आता आधाराशिवाय बसतात का? मागच्या तिन्ही पत्रांत हेच विचारलं होतं. पत्रं पोचली असतील, असं धरून चालते.

परवा मालकीणबाई वर आल्या होत्या. भाडेकरार संपतोय. म्हणाल्या, “कागदावर एक नि घरात दुसरी, असं किती दिवस चालवायचं? तिचं नाव काढ, नवीन मुलीचं घाल.” मी म्हटलं, येईल ती, बाबांना जरा बरं वाटू दे. तर म्हणाल्या, “अकरा महिने हेच सांगतेयस, बाळा.” त्या कुणाला बाळा म्हणत नाहीत गं. मला धडकीच भरली.

तुझ्या जागी आलेली नवीन मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढते. हळू बोलते, चपला नीट लावते. नावं ठेवायला जागाच नाही, याचाच राग आला. भिंतीवरचे तुझे ब्लाउजचे कागदी नमुने तिने काढू का विचारलं. मीच काढले. तुझी मोठी कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवलीय. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या कवळ्या घासून घरी आले की तुझी टकळी नकोशी व्हायची मला. आता रेडिओ लावून जेवते.

तुझं कपाट रिकामं करायला घेतलं. भर उन्हाळ्यात गेलीस, ‘पंधरा दिवसांत येते’ म्हणालीस, आणि आत एकही स्वेटर नाही. खोटं कशाला बोलू? हे मी तू गेलीस त्याच संध्याकाळी पाहिलं होतं. कपाट लावून टाकलं आणि दोघींचा भात टाकला.

गेल्या आठवड्यात तुझ्या दादाने फोन उचलला. ती आता इथेच राहणार, पुन्हा फोन करू नका, म्हणाला. मागे तुझा आवाज आला. तू काही बोलशील म्हणून मी थांबले. तू बाबांना पाणी हवंय का विचारत होतीस.

सोबत नाव कमी करायचा अर्ज आहे. पेन्सिलीने फुली केलीय, तिथे सही कर. भाडेकराराचा एजंट छापील पत्रासोबत पाठवणार होता. मीच म्हटलं, मी लिहिते. सुरुवात केली तेव्हा वाटत होतं, सही न करता परत पाठव, असं लिहावं. आता नाही वाटत. सही करच. फक्त एक दिवस उशिरा टाक पोस्टात. त्या कराराशिवाय आपल्या दोघींची नावं एकाखाली एक असलेला दुसरा कागद नाही गं माझ्याकडे.

तुझीच,
घुमी