चिखल पातळ लाव

आई,

दर पत्राची पहिली ओळ ठरलेली, ‘सेरापिसदेवापुढं रोज तुझ्यासाठी हात जोडतो.’ या खेपेला ती नाही म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. देवच राहिला नाही. इथं अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांनी त्याचं देऊळ फोडलं, मूर्तीवर कुऱ्हाड घातली.

आम्हा गवंड्यांना मात्र काम उदंड! दारादारांवरचे त्याचे मुखवटे खरवडायचे, तिथं क्रूस रंगवायचा. काल एक म्हातारी म्हणाली, “हळू रे मेल्या, लागेल त्याला!” तेव्हापासून हळूच खरवडतो. जेवतो मात्र वेळेवर.

नाईलचं पाणी आपल्या पायरीला लागलं का? देव कोपलाय, यंदा शेतांवर पाणी चढायचं नाही, असं इथं बोलतात. तू मनावर घेऊ नकोस.

आपल्या दारावरचा मुखवटा कुणी खरवडायच्या आत चिखलानं लिंप. पातळच लिंप. आलो की मला तो धुता आला पाहिजे.

तुझा पामून