एकशे बारा किलोचे मामा

१४ एप्रिल

ट्रॅक्टर उठला! मी नाही उठवला — तोच उठला.

पुढच्या लोडरची बकेट ओल्या खताने शिगोशीग भरली, लोडर वर घेतला आणि मागची दोन्ही चाकं हवेत. तोंड खाली, शेपूट वर. समोर नुसती जमीन दिसायला लागली. ब्रेकवर उभी राहिले तर काही नाही. ब्रेक मागच्या चाकांना असतो, आणि मागची चाकं हवेत! कसाबसा दांडा ढकलून बकेट खाली सोडली. धप्प! दात वाजले.

या खताच्या आवाराची मालकीण, सगळे तिला आक्का म्हणतात, छपरीतून ओरडत आली. "अगं, मामा नसताना बकेट भरतात का!"

मला वाटलं मामा म्हणजे कुणी उस्ताद ड्रायव्हर असणार.

नाही. मामा म्हणजे वजन.

१५ एप्रिल

आज मामा बाहेरगावाहून परतले, तेव्हा भेटले. आक्काचा धाकटा भाऊ, पण आवारात सगळ्यांचे मामा. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायचे दोन लोखंडी हात असतात, त्यांच्यावर फळी बांधलीय. लोडरचं काम निघालं की मामा फळीवर उभे राहतात, म्हणजे मागची बाजू उठत नाही. एकशे बारा किलो. अकरा वर्षं हेच काम, दुसरं काही नाही!

या उकाड्यात अंगात गुडघ्यापर्यंतचा खाकी कोट. फळीवर असे चढतात, जसं काही सिंहासन आहे. मग म्हणतात, "हं. चल, वावटळ."

वावटळ म्हणजे मी. आक्काने पहिल्याच दिवशी बारसं केलं, कारण आल्या आल्या मी विचारलं की इथून पुढे रस्ता कुठे जातो. दोन दिवसांसाठी थांबले होते, बारा झाले. आठची बस फाटकासमोरून जाते. रोज म्हणते, उद्या.

ट्रॅक्टर चालवता येतो असं मी आक्काला सांगितलंय. खोटं नाही. एकदा चालवलाय. सपाट मैदानात. रिकामा.

१७ एप्रिल

मामा मागे असूनही आज दोनदा चाकं हलकी झाली. आक्का म्हणते, "तुझा हातच धसमुसळा! आधीचे ड्रायव्हर काय उगाच अकरा वर्षं चालवत होते? सुधार, नाहीतर वाट धर."

मामा बुटांकडे बघत राहिले.

रिकाम्या पोत्यांत मांजरीने चार पिल्लं घातलीत. एक पूर्ण काळं. दुपार त्यातच गेली.

१९ एप्रिल

मामा चालताना वाजतात.

२० एप्रिल

उलगडलं!

मामांनी जेवायला बसताना कोट खिळ्याला अडकवला, आणि खिळा भिंतीतून पोपड्यासकट बाहेर. कोट जमिनीवर. आवाज असा, जणू ऐरण पडली. उचलायला गेले तर उचलेना. आत ठिकठिकाणी खिसे, आणि खिशांत अकरा लोखंडी वजनं. जुन्या तराजूची! नवा इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून अडगळीत पडलेली.

मामांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. मग हळूच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा नाहीतर गुडघे गेले आणि मागोमाग तुम्ही. म्हणून वर्षभर पहाटे कालव्यापर्यंत चालतात, भात अर्धा केलाय. जेवढं अंगावरून उतरलं तेवढं खिशात भरलं. काट्यावर उभे करून बघितलं — कोटाशिवाय त्र्याण्णव, कोटासकट बरोबर एकशे बारा. माणूस प्रामाणिक!

"आक्काला बोलू नकोस गं. वजन गेलं म्हणजे काम गेलं. मग मी या घरात कोण? नुसता जेवणारा भाऊ?"

नाही बोलणार म्हटलं. माझ्या पोटात काही राहत नाही, पण हे राहील.

२२ एप्रिल

नाही लिहवत. पण लिहिते. आज चाकं उठली आणि मामा फळीवरून उडाले. खताच्या ढिगात पडले म्हणून वाचले. अर्ध्या हातावर दगडी कुंपण होतं. तोंडभर खत, आणि पहिला शब्द काय — "कोट कुठाय?"

आक्का पांढरीफटक. बादली आणून मामांचं तोंड धुवत बसली. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ एप्रिल

वेल्डरकडे गेले. (वाटेत एका घरावर पवनचक्की फिरत होती, ती बघत बसले. म्हणून उशीर.) त्याला सगळं सांगितलं, कोट सोडून. तो हातोडा खाली ठेवून हसला.

"अगं बाई, तिथे निदान पाचशे किलो लागतात! एकशे बारा म्हणजे हत्तीला डासाचा टेकू. आणि माणूस म्हणजे वजन नव्हे. माणूस घसरतो."

"मग अकरा वर्षं कसं चाललं?"

"आधीचे ड्रायव्हर अर्धीच बकेट भरत असतील. तू भुकेली दिसतेस."

उपाय सोपा निघाला. मोठं लोखंडी पिंप. खालून आरपार जाड सळई, वर एक कान. आत काँक्रीट. ते मागच्या दोन हातांवर आणि वरच्या दांड्यावर जोडायचं. झालं. बकेट मात्र चालताना खालीच ठेवायची, हेही बजावून सांगितलं.

सोपं फक्त पिंप. मामांना कोण सांगणार?

२४ एप्रिल

मीच सांगितलं. हत्ती-डास गाळून.

वेल्डरकडून आणलेलं पिंप मामांनी बोटांनी ठोकून बघितलं. "म्हणजे हा माझ्या जागी."

"हो, मामा."

"बोलतो का?"

"नाही."

"मग कंटाळशील तू."

पिंप आम्ही दोघांनी भरलं. खडी, सिमेंट, पाणी, घाम. अर्धं झाल्यावर मामांनी इकडेतिकडे बघितलं, कोट काढला आणि एकेक वजन आत सोडलं. बुळुक. बुळुक. दोन किलोची आठ, एक किलोची दोन.

"मामा, अकरा होती ना?"

"मोजायला कधीपासून शिकलीस?"

२५ एप्रिल

पिंप आम्ही छपरीच्या कोपऱ्यात ओतलं. सावलीत बरं म्हणून. तिथे ट्रॅक्टर मागे घालता येत नाही. खांब मधे येतो. हे आक्का धरून आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

सात दिवस वाळायला ठेवायचं. वाळल्यावर आणखी कुठे हलणार आहे म्हणा.

३ मे

हललं! मामांनी हलवलं!

खाली ओंडका घातला, पिंपाच्या बुडाशी लांबलचक पाइप सारला आणि मामा त्या पाइपच्या टोकाला लोंबकळले. बिनकोटाचे. अस्सल त्र्याण्णव! पिंप वीतभर उचललं, मी खाली गोल नळ्या सरकवल्या. असं करत करत तासाभरात उजेडात. आक्का टाळ्या वाजवत होती. मामांचे कान लाल.

जोडलं. बकेट शिगोशीग भरली, उचलली. मागची चाकं जागची हलली नाहीत. रोवल्यासारखी.

मामा पिंपाचं नाव 'धाकटा' ठेवून मोकळे झाले.

५ मे

राहिलं नाही पोटात. आक्का अंगणात शिवणयंत्रावर होती, मी जाऊन कोटाचं सगळं सांगितलं. ती दोरा ओवत राहिली.

"त्याच्या कोटाचे खिसे फाटत कसे नाहीत, विचार केलास कधी? दर रविवारी दुहेरी दोऱ्याने शिवते मी."

मी आ वासला. "तुम्हाला माहीत होतं? मग मागे उभं का करत होता?"

"नाहीतर कुठे उभा राहिला असता तो?" यंत्र थांबलं. "पडेल असं कधी वाटलंच नाही गं. ते माझं चुकलं."

मग नाक पुसून नेहमीच्या आवाजात — "ट्रॅक्टर शिकव त्याला. बसून खातो मेला!"

११ मे

मामा माझ्याहून चांगला चालवतात! राग येण्याइतका चांगला. म्हणतात, "अकरा वर्षं फळीवर उभा होतो. मागचं हलकं झालं की डोळ्यांच्या आधी टाचांना कळतं." आक्का फाटकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमचा ड्रायव्हर आहे."

म्हणजे माझं काम संपलं. उद्या आठची बस. या खेपेला नक्की. पिशवी भरली. काळं पिल्लू चालायला लागलं.

१२ मे

पिशवी घेतली, खुंटीवरचं जाकीट ओढलं — खुंटीच हातात आली. उजवा खिसा जड. आत एक किलोचं लोखंडी वजन. खिशाला दुहेरी दोऱ्याची नवी शिवण.

साडेनऊ वाजलेत.