जूनमध्ये येणारी कठीण मंडळी

मी, ताशतान किदिराली-उलू, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार अक-तेरेक गाव, नारीन प्रांत, व्यवसायाने मूल्यमापक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे आणि हृदय ठिकाणावर नाहीत, पण नोटरीबाई म्हणतात, कायद्याला फक्त डोके लागते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मोठा मुलगा एर्मेक दर रविवारी राजधानीतून फोन करतो, त्याला मी दबाव म्हणत नाही, कटकट म्हणतो.

कलम पहिले. राहते घर, अंगण, तबेला आणि सफरचंदाची झाडे धाकट्या उलानला. आमच्यात घर धाकट्याचेच असते, तेव्हा एर्मेकने तोंड वाकडे करू नये. बिश्केकचा फ्लॅट घेताना माझी बचत कुठे गेली हे त्याला ठाऊक आहे. उलान महिन्यातले निम्मे दिवस ट्रक घेऊन सीमेपलीकडे असतो, त्यामुळे घर खरे सांभाळते त्याची बायको बेगायीम. तिला विचारल्याशिवाय त्याने एक खिळासुद्धा ठोकू नये.

कलम दुसरे. करडा घोडा आणि खोगीर एर्मेकला. त्याला घोड्यावर बसता येत नाही, शिकावे. माझी दुर्बीण माझा मित्र ओसमोन याच्याकडे आहे. बघतो म्हणून घेतली ती आजतागायत बघतोच आहे. ओसमोन या कागदावर साक्षीदार असल्यामुळे त्याला काही देता येत नाही असे नोटरीबाईंचे म्हणणे. म्हणून ही देणगी समजू नये. दुर्बीण त्याने ढापलेली आहे आणि ती ढापलेलीच राहू द्यावी.

कलम तिसरे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. अक-तेरेक वीजघरातला माझा हिस्सा. निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे विकायचे की नाही हे ज्याच्या हाती हा हिस्सा, तोच ठरवणार.

सामूहिक शेती मोडली तेव्हा नदीच्या पाण्यावर चालणारे हे वीजघर लिलावात निघाले. बँकेने किंमत ठरवायला मला पाठवले. मी किंमत कळवली, कोणी घ्यायला आले नाही, आणि ते का येत नाहीत या कुतूहलापोटी मीच तिथे चकरा मारू लागलो. ओसमोन म्हणायचा, "अरे, बायको नाही का तुला घरी? जुन्या लोखंडाशी काय गप्पा मारतोस?" पण मला मजा यायची. नवे वीजघर घेणारा विचारतो, हे चालेल का. जुने घेणाऱ्याला ते विचारावे लागत नाही, ते समोर घरघरत असते. त्याने विचारायचे ते वेगळेच. थंडीत नदी गोठली की पाणी किती उरते? त्याच पाटावर कोणाकोणाची शेते भिजतात? वीज कोण घेतो, आणि दर ठरवणारे सरकार किती वर्षांनी जागे होते? आणि सगळ्यात आधी, या यंत्राला आतून कोण खाते? उत्तरे मिळाली तशी भीती गेली, आणि दोघांनी मिळून ते विकत घेतले. ओसमोननेही पैसे घातले, हे तो आता विसरतो.

आमच्या यंत्राला खातात दगड. जूनमध्ये वरचे बर्फ वितळले की नदी खडे आणि रेती घेऊन येते आणि टर्बाइनची पाती झिजवते. वर गाळ बसायला एक टाके बांधले की दुखणे निम्मे होईल. आम्ही ते पुढच्या वर्षावर ढकलत आलो.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. वीजघर बघायला अलमातीहून खरेदीदारांची माणसे आली, त्यांच्यासाठी एर्मेकही राजधानीतून आला. मेंढी कापली, डोके मुख्य पाहुण्याच्या पुढ्यात ठेवले, सगळे रीतसर. वीजघर दाखवायला बेगायीम होती, कारण ती तिथली इंजिनियर आहे, आणि माझ्या घरात तेवढेच एक माणूस पगार सांगताना लाजत नाही. पाहुण्याने विचारले, "यंत्राला त्रास कशाचा?"

इथे वाचणाऱ्याने माझ्या नावाकडे बघावे. आमच्या भाषेत ताश म्हणजे दगड. आमच्याकडे सून सासऱ्याचे नाव घेत नाही, नावातला शब्दही उच्चारत नाही. लग्न होऊन आल्यापासून बेगायीमच्या तोंडी दगड नाही. चुलीच्या दगडाला ती "चुलीचा टेकू" म्हणते, आणि नातवाच्या पायात खडा गेला तर "ती टोचरी" काढते. मी बसलोच होतो समोर. ती म्हणाली, "जूनमध्ये ती कठीण मंडळी येतात ना, ती खातात."

पाहुण्याने मान हलवून लिहून घेतले आणि तो एर्मेककडे वळला. "जून कठीण जातो म्हणता. का, बिले थकतात?"

एर्मेकने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "हो ना. लोक गुरे घेऊन वर कुरणांवर जातात. बिल भरायला मागे कोण राहतं?"

मला इतके हसू आले की मेंढीचा कान हातातून पडला. ते निघून गेले, आणि त्यांनी देऊ केलेली किंमत ऐकली तेव्हा हसू विरले. दगडापोटी त्यात छदामही कापलेला नव्हता. मी एर्मेकला म्हटले, "त्यांना कळव." तो म्हणाला, "बाबा, त्यांनी विचारलं, आपण सांगितलं. त्यांना कळलं नाही तर आपण काय करणार?" मुलगा माझा, पण हे बोलणे मला लागले. दोन उन्हाळ्यांत पाती संपतील, घेणारे हात झटकून जातील, आणि गाव ऐन जानेवारीत अंधारात बसेल. मी सही केली नाही. येत्या जूनमध्ये परत या, यंत्र उघडून दाखवतो, असा निरोप धाडला. जगलो तर मीच सांगेन. डॉक्टरचा चेहरा बघता तसे वाटत नाही.

हिस्सा कोणाला द्यावा म्हणून तिघांशी बोललो. एर्मेकने विचारले, "किती येतील?" उलान म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." बेगायीम चहा ओतता ओतता म्हणाली, "बाबा, त्यांना खरं कळलं, तर तरीही घेतील का हो?"

आयुष्यभर किमती ठरवल्या, पण इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझा अंदाज, घेतील. कमी देतील, टाके बांधतील आणि टिकतील. पण नक्की माहीत नाही, आणि ते बघायला मी नसेन याचे मला फार वाईट वाटते. मरणाची भीती नाही, ही हुरहूर मात्र आहे.

तर वीजघरातला माझा संपूर्ण हिस्सा मी माझी सून बेगायीम हिला देत आहे. तिने विकावा, ठेवावा, तिची मर्जी. अट एकच. किमतीचा शब्द निघण्याआधी, यंत्र उघडे असताना, जूनमध्ये काय येते ते तिने खरेदीदाराला त्याच्या खऱ्या नावाने सांगावे. कठीण मंडळी नाही, टोचरी नाही.

हे मी तिला तोंडी सांगून पाहिले. "माझी परवानगी आहे," म्हटले. ती म्हणाली, "तुमची आहे हो बाबा. माझ्या जिभेची नाही." म्हणून शेवटचे कलम.

कलम चौथे. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळे जमतील, तेव्हा हे मृत्युपत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. खरेदीदार आधी आले तर त्यांना तोवर थांबवावे. वाचन बेगायीमनेच करावे, पहिल्या ओळीपासून. ती अडखळली तर तिला चहा द्यावा आणि थांबावे. तिच्याऐवजी दुसऱ्या कोणी वाचू नये. दुसऱ्याच शब्दाला माझे नाव आहे. ते एकदा तिच्या तोंडून निघाले की पुढचे सगळे सोपे आहे, पोरी.

ठिकाण: अक-तेरेक. दिनांक: ११ मार्च.

साक्षीदार:
ओसमोन बैझाक-उलू (दुर्बीण ढापलेली नाही, उसनी आहे. बाकी मजकूर खरा.)
सालीमा तुर्दुबेक-किझी, शेजारीण

सही: ताशतान